बेसण्याला पुढे कोण बसणार हे तुम्ही ठरवणार?

धाकटी:
परवा इथे एका गृहस्थांनी लिहिलं की बडोद्याच्या दांडिया बाजारात एका बेसण्याला, म्हणजे इथल्या शोकसभेला, गेलो तर गेलेल्या माणसाच्या आईच्या शेजारी, फोटोला लागून, एक "मित्र" बसवला होता, लोक आईच्या पाया पडले की त्यालाही हात जोडत होते, आणि हे बघून त्यांना कसंसं झालं. पुढे "दुःखाच्या जागी चळवळी आणू नका, ही थेरं मुंबई-पुण्याला करा" वगैरे. खाली बरेच अंगठे.

तर फोटो माझ्या दादाचा होता आणि आई माझी. नाव लिहिलं नव्हतं म्हणून गप्प बसणार होते, पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही म्हणून लिहितेच.

दादा ५४ वर्षांचा. लिव्हर गेलं होतं. ज्याला तुम्ही अवतरणात मित्र म्हणता तो १९ वर्षं दादाबरोबर एका घरात राहिला. शेवटचे सात महिने घरात मिठाची बरणी नव्हती, दादाला मीठ बंद म्हणून हाही अळणीच जेवायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज सकाळी सही करून घ्या, अक्षर बिघडलं की अमोनिया डोक्यात चढतोय समजायचं. त्याने शाळेची दोनशे पानी वही आणली, तारीख घालून रोज एक सही. ती वही माझ्याकडे आहे आता. सुरुवातीला दादाची ती झोकदार सही, खाली दोन टिंबं, मग एक टिंब, मग एक दिवस आडनावच नाही, आणि शेवटच्या पानांवर नुसती रेघ, रेघेखाली मात्र तारीख ह्याच्या अक्षरात, न चुकता.

आयसीयूच्या दाराशी विचारलं, पेशंटचे कोण? मित्र म्हटल्यावर घरचं कोणी बोलवा म्हणाले. मी आणंदहून पोचेपर्यंत फॉर्म दीड तास काउंटरवर तसाच.

आणि आता माझं पण सांगते, नाहीतर फक्त लोकांवर ढकलल्यासारखं होईल. बाबा गेले २०१४ च्या फेब्रुवारीत. त्याच्या दोनच महिने आधी कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत लागू केलेलं. बाबांच्या बेसण्याला तो आला तेव्हा मीच त्याला दारात गाठून सांगितलं, तू मागे बस, काकांकडची मंडळी आहेत. तो मागेही नाही बसला, दोन तास खाली स्कूटरवर बसून राहिला. दादाने मला एका शब्दाने विचारलं नाही. आता तो विचारणारच नाही.

म्हणून ह्यावेळी त्याला हाताला धरून पुढे मी बसवलं. चळवळ बिळवळ काही नाही.

सुरसागरकाठचा:
ताई, ती पोस्ट माझी. तुमच्या घरचं आहे हे माहीत असतं तर लिहिलं नसतं, त्याबद्दल क्षमा. पण मुद्दा सोडत नाही. त्या माणसाने सेवा केली, मान्य, शंभर वेळा मान्य. सेवा नर्सही करते. बेसण्याला पुढे बसणं म्हणजे समाजासमोर नातं सांगणं, आणि ते नातं समाजाने मानलेलं असावं लागतं. उद्या कोणीही उठून बसेल.

सेवउसळ_तिखट:
नर्स सात महिने अळणी जेवते का काका?

कारेलीबागकर:
मी ह्या लोकांच्या विरोधात नाही आधीच सांगतो. पण २०१८ ला ३७७ गेलं, गुन्हा राहिला नाही, संपलं ना? लग्नाचं म्हणाल तर १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने पाचच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, संसदेकडे जा. फेरविचाराच्या याचिकाही २०२५ च्या जानेवारीत फेटाळल्या. कायदाच नाही म्हणतो तर समाजाला का दोष देता?

वकीलीणबाई:
अर्धाच निकाल वाचायची सवय आहे लोकांना. त्याच निकालानंतर सरकारने समिती नेमली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये जॉइंट खातं उघडायला आणि नॉमिनी करायला काही आडकाठी नाही असं अर्थखात्याने स्पष्ट केलं, आणि आरोग्य खात्याने राज्यांना पत्र पाठवलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता येईल. आता ते "नसतील तर" नीट वाचा. धाकटीताई आहेत, त्यांच्या आई आहेत, म्हणजे हा माणूस पुन्हा दाराबाहेरच. बहीण चांगली निघाली तर आत, नाही निघाली तर स्कूटरवर. माझ्याकडे अशी भावंडं येतात जी दहा वर्षं फोन करत नाहीत आणि तेराव्याच्या आधी फ्लॅटचं कुलूप बदलतात.

निवृत्त_मास्तर:
चर्चा वाचतो आहे. मला एक मूलभूत प्रश्न पडला. आपण मराठी माणसं बेसणं कधीपासून करायला लागलो?? आपल्यात दहावं असतं, बारावं-तेरावं असतं, लोक घरी येऊन समाचाराला बसतात. हे हॉल घ्यायचा, पांढऱ्या चादरी अंथरायच्या, पेपरात फोटोसकट "सायंकाळी ४ ते ६" छापायचं, हे आपलं नव्हेच. बडोद्यातली मराठी घरं आज जाहिरातसुद्धा गुजरातीत देतात! ज्या गावात सयाजीरावांनी मराठी ग्रंथमाला काढल्या तिथे मराठी माणूस मेला तर "स्वर्गस्थ थया छे".

सेवउसळ_तिखट:
मास्तर विषय काय चाललाय 😄 आणि सयाजीरावांचं नाव घेतलंच आहे तर, १९३१ साली महाराजांनी बडोदा राज्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. देशभरासाठी कायदा यायला १९५५ उजाडलं. त्या २४ वर्षांत पण रावपुऱ्यात कोणीतरी म्हणतच असेल की ही थेरं विलायतेत करा.

निवृत्त_मास्तर:
सयाजीराव महाराजांना ह्या विषयात ओढू नये. आणि मी विषय सोडलेला नाही. धाकटीताई, जाहिरात गुजरातीत होती की मराठीत? ते जोडीदार गुजराती आहेत असं ऐकलं, म्हणून बेसणं का?

धाकटी:
मास्तर, गुजराती आहे तो, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलतो, दादाला "मी तुला बोल्लो" वरून टोकायचा. बेसणं आईने ठरवलं. बाबांचंही बेसणंच झालं होतं, वर लिहिलंय मी. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दीडशे माणसं समाचाराला कुठे बसवू? आईला ८१ व्या वर्षी रोज दहा दिवस तीच गोष्ट प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला लावू? दोन तासांत सगळे भेटून जातात हे मला तरी बरं वाटलं.

जाहिरात गुजरातीत होती. खिडकीवरच्या माणसाने नावं लिहून घेतली, आई, बहीण, भाचे, मग ह्याचं नाव सांगितलं तर पेन थांबवून म्हणाला, "बेन, संबंध शुं लखुं?" मी म्हटलं काहीच नका लिहू, नुसतं नाव लिहा. आईच्या नावाखाली, माझ्या वर. त्याने एकदा वर बघितलं आणि लिहिलं. शब्दांवर पैसे असतात, त्याला काय.

कारेलीबागकर:
मास्तरांचा मुद्दा बरोबर आहे हो. आमच्या सोसायटीत तर आता बेसण्यात भजनवाले येतात माइक लावून, पैसे घेतात, आणि बाहेर पाण्याच्या बाटल्या. पार्किंगचा तर विचारूच नका. परवा एक तास गाडी निघाली नाही.

मांडवीची_मावशी:
पार्किंगवर आलात शेवटी. मी एक सांगू का. समाजाने मानलेलं नातं, समाजाने मानलेलं नातं, हे जे चाललंय वर. माझ्या आत्याच्या यजमानांनी १९७६ साली स्टँप पेपरवर मैत्री करार केला. नव्या मुलांना माहीत नसेल, त्या काळात गुजरातेत हे फॅडच होतं, घरी बायको असलेला पुरुष दुसऱ्या बाईशी मैत्रीचा करार करायचा आणि राजरोस तिच्याकडे राहायचा. कायद्याने त्याला लग्नाची काही किंमत नाही, पण कागद दाखवायला झाला. यजमान गेले तेव्हा ती बाई पुढे बसली होती आणि आत्या स्वयंपाकघरात चहा गाळत होती. समाज आला, हात जोडून गेला, कोणालाही कसंसं झालं नाही. काही जण तर दोघींना भेटून गेले, एकीला पुढच्या दाराने, एकीला मागच्या. तेव्हा समाजाचं मला सांगू नका.

सुरसागरकाठचा:
मावशी, एक चूक झाली म्हणून दुसरी करायची? तेही चूकच होतं.

मांडवीची_मावशी:
तेव्हा कोणी म्हटलं होतं चूक? तुम्ही तेव्हा असाल वीस-बावीसचे. तुमच्या वडलांनी म्हटलं होतं?

सेवउसळ_तिखट:
मावशी 🙏🙏 काका, आता सांगा, कसंसं फक्त दोन पुरुष असले की होतं का. स्पष्टच लिहा ना, समाज, परंपरा कशाला मधे आणता. आणि जवळच राजपिपळ्याच्या राजकुमारांनी २००६ ला आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं तेव्हा घरच्यांनी पेपरात नोटीस छापली होती नातं तोडल्याची. पेपरात नोटीस चालते, पेपरात नाव चालत नाही. तुमच्यासारख्यांमुळेच मुलं हे शहर सोडून जातात.

सुरसागरकाठचा:
तुमच्यासारख्यांमुळे म्हणजे? तुम्ही मला ओळखता? मग ऐकाच. माझी बायको २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. ३१ वर्षांचा संसार. हॉस्पिटलच्या काचेतूनही दिसली नाही, पिशवीत बांधून दिली, स्मशानाच्या फाटकाबाहेर मी टोकन हातात धरून पाच तास उभा होतो, अग्नी कोणी दिला ते मला आजपर्यंत माहीत नाही, मुलगा बंगलोरला अडकलेला. बेसणं नाही, दहावं नाही, एक माणूस दारात आला नाही, सगळे फोनवर "काळजी घ्या". समाजाने मानलेलं नातं होतं ना माझं? मला कोणी बसवलं पुढे? आणि मी त्या हॉलमध्ये जाऊन बघतो तर तिथे तो माणूस बसलेला आणि लोक रांगेने हात जोडतायत. हो, झालं मला कसंसं. जा आता.

सेवउसळ_तिखट:
वाईट वाटलं काका, खरंच. पण म्हणजे तुम्हाला बसायला मिळालं नाही म्हणून त्याने बसू नये, असं?

वकीलीणबाई:
उसळ, जरा दम खा.

धाकटी:
काका, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये हे लिहिलं असतं तर मी उत्तर वेगळं दिलं असतं. की दिलंच नसतं.

पण तुम्ही पाच तास फाटकाबाहेर उभे होतात आणि तो दोन तास स्कूटरवर. मी मोजमाप करत नाहीये, तुमचं जास्तच आहे. तुम्हाला बाहेर रोगाने ठेवलं, त्याला मी ठेवलं, एवढंच.

सुरसागरकाठचा:
बरं. बसू दे त्याला. माझ्या कसंसं होण्याने कोणाचं अडतं? लग्नाच्या कायद्याला मात्र माझा विरोध आहे आणि राहील, ते तुमच्या ह्या सगळ्या कहाण्यांनी बदलणार नाही.

कारेलीबागकर:
एक प्रॅक्टिकल विचारतो. फ्लॅट कोणाच्या नावावर?

धाकटी:
दादाच्या. मृत्युपत्र केलं नव्हतं. "करू, करू" म्हणत राहिला. सही नीट होती तोवर केलं नाही, आणि नंतर सहीच राहिली नाही.

वकीलीणबाई:
मग अविवाहित हिंदू पुरुष, मृत्युपत्र नाही, आई हयात, म्हणजे सगळं आईचं. आई नसत्या तर आधी वडील, मग भावंडं. १९ वर्षं राहिलेल्याचा त्यात कुठेच नंबर नाही. आणि बँकेत नॉमिनी केला असेल तरी फार खूश होऊ नका, नॉमिनी पैसे उचलतो, मालक वारसच. म्हणून सगळ्यांना सांगते, मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरे, नोंदणी सक्तीची नाही पण करून टाकलेली बरी.

धाकटी:
आई म्हणते तो तिथेच राहील. ती आता स्वतःचं मृत्युपत्र करते आहे, मी साक्षीला नको म्हणे कारण मी वारस. लिहून देते आहे की माझी हरकत नाही. काकांकडून एक फोन आलाय की "फ्लॅट घरातच राहावा". घरातच राहतोय, म्हटलं.

कारेलीबागकर:
हे मात्र चांगलं केलंत. नाही पटत तरी चांगलं केलंत.

निवृत्त_मास्तर:
दहावं तरी केलंत की तेही बेसण्यात उरकलं? कावळा शिवला का?

धाकटी:
चांदोदला केलं, नर्मदेवर. पिंड ठेवले, त्याने ठेवले, गुरुजी कुरकुरले पण दक्षिणा घेतली. पाऊण तास एकही कावळा फिरकला नाही. त्याच्यावरून नाही हो मास्तर, त्या दिवशी तिथे कोणाच्याच पिंडाला शिवेनात, शेजारच्या सुरतवाल्यांचे पण तसेच पडून होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. तो मला हळूच म्हणाला, दादाला पण कोणी बोलावलं की वेळेवर यायचा नाही.

सुरसागरकाठचा:
ठीक. वर्षश्राद्धाला मला बोलावू नका म्हणजे झालं, उगाच परत काहीतरी लिहीन.

धाकटी:
बेसण्यालाही कुठे बोलावलं होतं काका, बेसण्याला कोणी बोलावत नाही, लोक आपले येतात. तुम्ही आलात. दादाला ओळखत होतात का?

सुरसागरकाठचा:
बँकेत माझं पेन्शनचं काम तो करून द्यायचा. खुर्ची द्यायचा बसायला.

निवृत्त_मास्तर:
म्हणूनच म्हणतो, बेसणी बंद करा. घरी समाचाराला गेला असतात तर हे सगळं तिथेच बोलून झालं असतं.