स्नेप सरांचं नाव हॅरीने पोराला ठेवलंय, हे लेकीला कसं सांगू?

तिसऱ्या_बाकावरची:

मंडळी, प्रश्न हसण्यासारखा आहे, पण आमच्या घरात तीन दिवस अबोला चालू आहे म्हणून विचारते. (सातही पुस्तकं वाचली नसतील तर इथूनच परत फिरा, पुढे सगळंच फोडलंय.)

गेलं दीड वर्ष मी रोज रात्री लेकीला हॅरी पॉटर वाचून दाखवतेय. वय वर्षं १०, पाचवी. पुस्तकं माझीच, जुनी, इंग्रजीतली. शेवटच्याचा पुठ्ठा सुटलाय, त्याला खाकी चिकटपट्टी मारलीय. वाचता वाचता मी तोंडी मराठी करत जाते, त्यामुळे आमच्याकडे प्रोफेसर वगैरे कुणी नाही, सगळे सर आणि मॅडम. मॅक्गोनागल मॅडम, ल्युपिन सर, आणि जादूची औषधं शिकवणारे, हॅरीला छळणारे स्नेप सर. डम्बलडोर तेवढे हेडसर.

२००७ साली मी बारावीत होते. तेहेतिसावं प्रकरण, म्हणजे स्नेपच्या आठवणींचं, मी बाथरूममध्ये बसून वाचलं होतं. हुंदके बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून बादलीत नळ सोडून ठेवला होता. बादली भरून वाहायला लागली तरी माझं लक्ष नाही, शेवटी आईने दार बडवलं. तर हे प्रकरण लेकीला वाचून दाखवायचं म्हणून मी दीड वर्ष दबा धरून बसले होते.

परवाच्या रविवारी ती रात्र आली. हॅरीच्या मेलेल्या आईवर, लिलीवर, स्नेपचं जन्मभराचं प्रेम, त्याची जादूची हरिणी, लिलीचे डोळे, सगळं मी जीव ओतून वाचलं. आवाज दोनदा फुटला. मान वर करून बघते तर बाईसाहेब हाताची घडी घालून बसलेल्या.

"मग नेव्हिलचं काय?"

नेव्हिल म्हणजे हॅरीच्या वर्गातला घाबरट मुलगा. म्हटलं, त्याचं काय?

"त्याच्या आईबाबांना वेड लागेपर्यंत छळलं. आई त्याला ओळखतपण नाही, नुसता च्युइंगगमचा कागद देते. आणि तरी कपाटातून बोगार्ट निघाला तेव्हा कोण बाहेर आलं? सर."

बोगार्ट म्हणजे ज्याला ज्याची सगळ्यात भीती, त्याचं रूप घेणारा जीव. मी गप्प. मग तिने मला मागचं एक पान परत वाचायला लावलं. स्नेप हॅरीच्या धर्मपित्याच्या, सिरियसच्या, खोलीत बसून लिलीचं जुनं पत्र वाचतो, नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकतंय. तिची सही असलेलं पान तो खिशात घालतो, फोटो फाडून तिच्याकडचा भाग ठेवतो आणि हॅरी आणि त्याचे वडील जेम्स यांचा तुकडा कपाटाखाली जाईल असा टाकून देतो. "बाळाचा फोटो टाकला त्यांनी," ती म्हणाली. हे वाक्य मी पूर्वी निदान सहा वेळा वाचलं असेल. दर वेळी माझं लक्ष नाकाच्या शेंड्यावर.

त्यावर मी म्हणाले, "तू लहान आहेस, मोठी झालीस की कळेल." अबोला सुरू झाला तो तेव्हापासून.

आता राहिलाय फक्त उपसंहार. एकोणीस वर्षांनंतरचा. हॅरीच्या मधल्या मुलाचं नाव आल्बस सेव्हरस, म्हणजे हेडसर आणि स्नेप सर दोघांची नावं. मी "संपलं पुस्तक" म्हणून मिटलं होतं, पण तिने पानं मोजली. आता विचारते कधी वाचायचं. सांगा, काय करू? आणि खरं सांगा, तेव्हा रडलो ते चुकलंच का आपलं?

रातकिडा:

ताई, काही चुकलं नाही. मी त्या दोन वर्षांतला माणूस. सहावं पुस्तक आलं १६ जुलै २००५ला, सातवं २१ जुलै २००७ला. सहाव्याच्या शेवटी मनोऱ्यावर स्नेप डम्बलडोरला मारतो, म्हणून मधला सगळा काळ आमच्या होस्टेलवर दोन पक्ष होते: 'स्नेप हरामखोर' आणि 'स्नेप आपला'. मी दुसऱ्या पक्षाचा, आणि आम्ही पुरते अल्पमतात.

सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून परदेशी चाहत्यांच्या थिअऱ्या वाचायच्या, महत्त्वाच्या वहीत उतरवायच्या. वही अजून आहे. पहिल्याच पानावर मनोऱ्याचा प्रसंग: डम्बलडोर स्वतःच्या जिवासाठी कुणापुढे हात जोडेल का? नाही. मग तो 'प्लीज' कशासाठी म्हणाला? 'मार मला' म्हणूनच. शिवाय त्याचा हात आधीच काळा पडलेला, म्हणजे तो तसाही मरणाच्या दारात, आणि शाळेच्या रखवालदार हॅग्रिडने त्या दोघांचं भांडण ऐकलेलं, ज्यात स्नेप म्हणतोय की मला आता हे करायचं नाही. सगळं पुस्तकातच होतं. ऑगस्ट २००६मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात लेखिका रोलिंग बाईंनी स्वतःच सांगून टाकलं की डम्बलडोर खरंच गेलाय. त्या रात्री आमच्यातला एक जण जेवला नव्हता.

सगळ्यात भारी होतं आर. ए. बी.चं प्रकरण. खलनायक वोल्डेमॉर्टचं लॉकेट कुणीतरी पळवून तिथे खोटं ठेवलेलं; त्यातल्या चिठ्ठीखाली ही अक्षरं कुणाची? इंग्रजी वाचणारे अंदाज बांधत बसले आणि चोरी पकडली भाषांतरांनी. डच आवृत्तीत सिरियसच्या ब्लॅक घराण्याचं आडनाव बदललेलं, तर चिठ्ठीत बी जाऊन झेड आलं. नॉर्वेजियनमध्ये एस, फिनिशमध्ये एम. म्हणजे ब्लॅकच! सिरियसचा भाऊ रेग्युलस! आणि खरं लॉकेट तर पाचव्या पुस्तकात साफसफाई करताना सगळ्यांच्या हातातून गेलं होतं, कुणाला उघडलं नाही म्हणून बाजूला टाकलेलं. मी कॅफेतच ओरडलो. मालकाने बाहेर काढलं.

आणि लेकीला हे सांगा: पहिल्याच तासाला स्नेप हॅरीला विचारतो की वर्मवुडच्या काढ्यात अ‍ॅस्फोडेलच्या मुळीची पूड घातली तर काय होईल. अ‍ॅस्फोडेल म्हणजे लिलीसारखंच फुलझाड. व्हिक्टोरियन काळातल्या फुलांच्या भाषेत त्याचा अर्थ 'माझा पश्चात्ताप तुझ्या थडग्यापर्यंत येईल', आणि वर्मवुड म्हणजे विरह, कडवटपणा. माणूस पहिल्या दिवशी त्या पोराला सांगतोय की तुझ्या आईचं मला आयुष्यभर दुःख आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आत्ता टाइप करतानाही आलाय.

खडूवाली:

रातकिडा, तुमचा काटा जरा बाजूला ठेवते. मी एकोणीस वर्षं शाळेत शिकवतेय. तुम्हाला तिथे फुलं दिसली, मला एक अकरा वर्षांचा मुलगा दिसतो. शाळेचा पहिला आठवडा, आणि सर त्याला अख्ख्या वर्गासमोर न शिकवलेलं विचारतायत, उत्तर येत नाही म्हणून टोमणे मारतायत. पश्चात्ताप असेलही. तो पोराच्या डोक्यावर का ओतायचा?

त्याच तासाला पुढे काय होतं आठवतंय? नेव्हिलचं औषध बिघडतं, त्याच्या अंगभर फोड येतात, आणि सर त्याच्यावरच खेकसतात.

तिसऱ्या पुस्तकातला बेडकाचा प्रसंग तर मला वाचवत नाही. नेव्हिलचं औषध चुकलेलं आहे असं समजून ते त्याच्याच बेडकाला पाजायचं, मेला तर मेला. वर्गातल्या हुशार हर्मायनीने गुपचूप सुधारून दिलेलं असतं म्हणून बेडूक वाचतो, तर सर तिच्या मदतीबद्दल ग्रिफिंडरचे, म्हणजे त्यांच्या गटाचे, पाच गुण कापतात. नंतर स्टाफरूममधून बाहेर पडताना ल्युपिनला सांगून जातात, सगळ्या पोरांदेखत, की या नेव्हिलला अवघड काही देऊ नका. ही वाक्यं मी खऱ्या स्टाफरूममध्ये ऐकलीयत. 'तो ना, त्याच्याकडून काही व्हायचं नाही.' पोरगं दारातच उभं असतं, वह्या घेऊन.

मला सातवीत गणिताला एक सर होते. नाव घेत नाही. उदाहरण चुकलं की फळ्यासमोर उभं करून बाकीच्यांना हसायला सांगायचे. मला कुणी बोगार्टसमोर नेलं असतं तर आजही तेच बाहेर आले असते. नंतर कळलं त्यांच्या घरी फार वाईट परिस्थिती होती. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण म्हणून मुलाला त्यांचं नाव? छे.

तुमची लेक बरोबर वाचतेय. तिला सॉरी म्हणा आधी.

बाकरवडी:

मला एकच शंका. ताई, तुम्ही त्या 'ऑल्वेज'चं, लिलीवर अजून प्रेम आहे का यावर स्नेपच्या एका शब्दाच्या उत्तराचं, मराठी काय केलंत? 'सदैव' म्हटलं तर शपथविधी वाटतो. 'नेहमीच' म्हटलं तर दूधवाला उशिरा येतो तसं. पोरीला रडू आलं नाही यात भाषांतराचाही दोष असू शकतो.

उपसंहारावर उपाय सोपा आहे. नुसतं 'आल्बस' वाचा. तोंडी भाषांतराचा आणखी फायदा तो काय?

तिसऱ्या_बाकावरची:

@बाकरवडी, मी 'अजूनही' म्हटलं. डम्बलडोर विचारतात, इतक्या वर्षांनंतर? तर 'अजूनही'. इतकं काही वाईट नाहीये हो.

@खडूवाली, सॉरी म्हणाले. 'बरं' एवढंच उत्तर आलं.

दगडफूल:

थोडं वेगळं लिहितो. मी आधी सिनेमे पाहिले, पुस्तकं मागून वाचली. माझा स्नेप म्हणजे अ‍ॅलन रिकमन. २०१६च्या जानेवारीत तो गेला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो होतो. पण पहिल्या सिनेमाच्या वेळी तो पंचावन्न वर्षांचा होता आणि पुस्तकातला स्नेप तेव्हा एकतीसचा! मरतो तेव्हा अडतीस. लिली गेली ती एकविसाव्या वर्षी. रिकमनच्या चेहऱ्यामुळे आपण त्याला आयुष्य झिजवलेला माणूस समजतो. शिवाय सिनेमात तो लिलीचं प्रेत कवटाळून रडतो ते पुस्तकात नाहीच. म्हणजे ताई, तुमचं रडणं अस्सल, माझं निम्मं सिनेमाचं.

पुस्तक वाचताना मी अडलो दुसऱ्याच जागी. पाचव्या वर्षाची परीक्षा, तळ्याकाठी जेम्स शाळकरी स्नेपला उलटा टांगतो, लिली मध्ये पडते, आणि तो तिलाच 'मडब्लड' म्हणतो. हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जन्मावरून दिलेली शिवी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका जवळच्या मित्राने भांडणात मला असंच एक ऐकवलं होतं. रात्री खोलीच्या दाराशी आला, सॉरी म्हणाला, तुझ्याबद्दल नव्हतं म्हणाला. लिली नेमकं तेच विचारते: माझ्यासारख्या बाकी सगळ्यांना तू तेच म्हणतोस, मग मी वेगळी कशी? माझ्याकडे तेव्हा हे वाक्य नव्हतं. मी नुसतं दार लावलं.

म्हणून मला स्नेपचं प्रेम खोटं वाटत नाही, पण ते एकाच माणसापुरतं आहे. आमच्या लोकांत तू चांगली, असं.

रातकिडा:

दगडफूल, यावर मला पटकन बोलता येणार नाही. वहीत ते पान नाही माझ्या.

नेव्हिलबद्दल मात्र एक जुनी थिअरी आहे, ती मांडून ठेवतो. भविष्यवाणी होती वोल्डेमॉर्टला हरवू शकेल अशा, जुलैअखेर जन्मणाऱ्या मुलाबद्दल. नेव्हिल ३० जुलैचा, हॅरी ३१चा. स्नेपने हॉग्ज हेड नावाच्या खानावळीत ती अर्धीच ऐकली आणि वोल्डेमॉर्टला नेऊन दिली. वोल्डेमॉर्टने नेव्हिल निवडला असता तर लिली जिवंत राहिली असती. म्हणजे वर्गात नेव्हिल दिसला की स्नेपला रोज तेच दिसत असणार: हा का नाही? म्हणून तो छळ.

खडूवाली:

मग तर आणखीच वाईट की हो! वोल्डेमॉर्टने नेव्हिल निवडला असता तर हा गृहस्थ सुखाने डेथ ईटर, म्हणजे वोल्डेमॉर्टचा माणूस, राहिला असता. तसाही लिलीला वाचवा म्हणून डम्बलडोरकडे आला तेव्हा नवऱ्याचं नि बाळाचं नाव त्याच्या तोंडी नव्हतं, आणि डम्बलडोरने त्याला तिथल्या तिथे झापलंय. आणि थिअरी नेव्हिलला लागू पडेल, हर्मायनीला? तिचे दात शापाने हनुवटीखाली वाढले तर म्हणाला, मला काही फरक दिसत नाही. ती तर सप्टेंबरची.

एक मात्र मानते. ज्या नागिणीने स्नेपला मारलं तिचं मुंडकं शेवटी नेव्हिलने उडवलं. त्याला स्वतःला ते कधी लक्षात आलं असेल का कोण जाणे.

तिसऱ्या_बाकावरची:

काल वाचला उपसंहार. सांगते.

बाकरवडीचा उपाय करणारच होते. पण आधी एकटीने वाचून पाहिलं तर कळलं की नाव गाळता येत नाही. पोरगं घाबरलंय, आपल्याला स्लिदरिनमध्ये, स्नेपच्या बदनाम गटात, टाकतील म्हणून, आणि हॅरी त्याला त्या नावाचाच दाखला देतो. तेवढं काढलं तर शेवटाला काही उरतच नाही. ठरवलं, वाचायचं. छातीत धडधड, जणू माझाच निकाल लागणार होता.

नावाच्या आधीच्या पानावर एक ओळ आहे, मी साफ विसरले होते. गाडी सुटायच्या आधी हॅरीची बायको जिनी मोठ्या मुलाला सांगते, नेव्हिलला आमचं प्रेम सांग. तो वैतागतो, आई, सरांना कोणी प्रेम सांगतं का!

लेक ताडकन उठून बसली. "नेव्हिल सर झाला?"

हो, म्हटलं. झाडांचा विषय शिकवतात.

तीन दिवसांचा अबोला तिथे संपला. पुढचं काही तिने ऐकलं असं मला वाटत नाही. सेव्हरसवाला परिच्छेद मी अगदी सावकाश वाचला आणि ती पांघरुणाचं टोक चावत छताकडे बघत होती. न राहवून मी विचारलं, ऐकलंस का, नाव काय ठेवलंय ते?

"ऐकलं. हॅरीचा मुलगा आहे, ठेवू दे काय ठेवायचं ते." मग कुशीवर वळून, "नेव्हिल सरांच्या तासाला पोरांनी बेडूक आणलेला चालतो का?"

पुस्तकात मला कुठे सापडलं नाही. रातकिडा, वहीत असेल तर बघा.