ग्रुप फिल्टरवरून फुटला की माणसं दमली म्हणून? खान्देशातल्या बिटकॉइनवाल्यांसाठी धागा

मेहरूणकाठ

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि पोटापाण्यासाठी पुण्या-नाशकात गेलेली आपली मुलं, असा सगळ्यांचा मिळून एक बिटकॉइन अभ्यासगट होता. दिवाळीनंतर त्याचे दोन गट झाले. दोन्हीकडचे लोक अजून एकमेकांचा फोन उचलत नाहीत. मला हे फार लागलं आहे, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना आगापिछा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिटकॉइनच्या व्यवहाराला पैशाशी संबंध नसलेला मजकूर जोडायची एक ठरलेली जागा आहे, तिला ओपी_रिटर्न म्हणतात. इतकी वर्षं नोड (व्यवहार तपासून पुढे पाठवणारे आणि साखळी, म्हणजे सगळ्या व्यवहारांची सामायिक वही, जवळ ठेवणारे आपले संगणक) साधारण ८० बाइटपर्यंतचाच असा मजकूर पुढे पाठवत. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइन कोअर या नोडच्या मुख्य सॉफ्टवेअरची ३०वी आवृत्ती आली आणि ही डीफॉल्ट मर्यादा एक लाख बाइटवर गेली. एक बाजू म्हणाली, साखळी पैशासाठी आहे, तिच्यात कचरा भरू नका. ते लोक ल्यूक डॅशजूनियर सांभाळतात त्या 'नॉट्स' या दुसऱ्या नोड सॉफ्टवेअरकडे गेले. दुसरी बाजू म्हणाली, मजकूर टाकणारे २०२३ पासून दुसऱ्या वाटेने टाकतच आहेत आणि मायनर (व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, करून साखळीला जोडणारे) तो घेतायत, मग मर्यादेचा फिल्टर लावून अडवताय कोणाला?

माझं मत असं की वाद खरा होता, पण गट वादाने फुटला नाही. ही मर्यादा म्हणजे नोडने पुढे काय पाठवायचं याचं धोरण आहे, तो साखळीचा नियम नाही. कोअरवाला आणि नॉट्सवाला दोघांचे नोड तेच ब्लॉक मान्य करतात. ३०व्या आवृत्तीतही आकडा आपला आपल्याला बदलता येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइन कॅश वेगळं झालं तेव्हा प्रश्न ब्लॉकच्या आकाराचा होता, ते दोन नियम एका साखळीवर नांदूच शकत नव्हते. इथे नांदू शकत होते. तरी आपण फुटलो.

मार्गदर्शिकेचं मराठी भाषांतर, नव्या माणसाला नोड लावून देणं, 'सपोर्ट'च्या नावाने शिरणाऱ्या चोरांना हाकलणं, रविवारची बैठक, हे सगळं तीन जणांच्या गळ्यात होतं. वाद पेटल्यावर पंचायतही त्यांनीच करायची. मध्यरात्रीनंतर आलेल्या लांबलचक व्हॉइस नोटला सकाळपर्यंत उत्तर आलं नाही, एवढ्यावरून 'तुम्ही विकले गेलात' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. त्या तिघांपैकी एकाने पुढच्या संध्याकाळी सात जणांना काढलं आणि ग्रुपला कुलूप घातलं. ज्याची झोप झाली आहे असा माणूस हे करत नाही.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. लिनक्समधलं 'एक्सझेड' नावाचं फाइल दाबायचं छोटं सॉफ्टवेअर एकच माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होता. आपल्या मनाची प्रकृती बरी नाही, हे त्याने जाहीर लिहिलं होतं. काम दुसऱ्याला दे म्हणून त्याच्यामागे लोक लागले, मदतीला आलेल्या एका अनोळखी नावाने त्याचा विश्वास मिळवला, आणि मार्च २०२४ मध्ये त्या सॉफ्टवेअरमध्ये पेरलेली चोरवाट उघड झाली. माणूस दमला की सुरक्षेलाच भोक पडतं. खुद्द बिटकॉइन कोअर २०१४ पासून व्लादिमीर फान डर लान यांनी मुख्य म्हणून सांभाळलं. २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी हा भार एका माणसावर नको असं लिहिलं, आणि २०२३ मध्ये ते त्या जबाबदारीतून मोकळे झाले.

दोन्ही गट पुन्हा एक करा असं मी म्हणत नाही. मदतीचं काम तेवढं सामायिक ठेवा. त्याच्या पाळ्या लावा, पाळी संपली की सुट्टी सक्तीची, आणि पाळीवर असलेल्याने भांडणात पंच व्हायचं नाही.

नॉट्सवाला_धुळे

पूर्ण असहमत. भाऊ, तुम्ही आमचा मुद्दा थकव्याखाली झाकताय.

ज्या सात जणांना काढलं त्यात मी होतो. मी दमलो नव्हतो, मी प्रश्न विचारत होतो. माझ्या घरची वीज, माझी डिस्क. तिच्यावर कोणाची चित्रं आणि कोणाच्या फाइली मी कायमच्या का ठेवू? उद्या त्यात बेकायदा काही निघालं तर जाब मला विचारणार. आणि 'हे नुसतं धोरण आहे' हे अर्धंच खरं. असा मजकूर साधारण वर्षभर साखळीच्या नियमानेच आवळायचा, असा सॉफ्ट फोर्कचा, म्हणजे साखळीचे नियम आणखी कडक करायचा, प्रस्ताव त्याच ऑक्टोबरात आला. म्हणजे वाद नियमाच्या दारात गेलाच आहे.

२०१७ काढलंत तर तेही पूर्ण सांगा. मोठ्या कंपन्यांनी आणि मायनरांनी मे महिन्यात न्यूयॉर्कात बसून दुप्पट ब्लॉकचा बेत ठरवला होता. साधे नोडवाले हटले नाहीत, म्हणून नोव्हेंबरात तो गुंडाळावा लागला. ब्लॉकच्या आकाराचं ते भांडण दोन वर्षांहून जास्त चाललं. त्यात दमले नसतील का लोक? बिटकॉइनचे जुने प्रोग्रामर माइक हर्न जानेवारी २०१६ मध्ये 'हा प्रयोग फसला' म्हणून निघूनच गेले. बाकीचेही दमून गप्प बसले असते, तर आज नोडवाल्याला कोणी विचारलं नसतं.

ज्याला झेपत नाही त्याने ॲडमिनपद सोडावं, त्याचा मान राखूनच सांगतो. पण दुसऱ्याला काढून टाकायचा हक्क थकव्याने मिळत नाही.

सराफकट्टा

तुम्ही दोघंही मुळाशी जात नाही आहात. माणसं आली भावामुळे आणि गेली करामुळे. २०२१ मध्ये गट भरला कारण तेव्हा जो तो विचारत होता. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागला, तोटा वजा करायची सोय नाही, जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. रोजची उलाढाल करणारी पोरं तिथेच गळाली आणि सगळं ओझं उरलेल्यांवर पडलं. ओपी_रिटर्न नसतं तर दुसऱ्या कशावरून तरी फुटलं असतं.

आणि एक वर्ग तुम्ही विसरताय. जळगावात पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं गल्लोगल्ली आहेत. मुलीच्या लग्नाचे पैसे अडकलेली माणसं मी दुकानात रोज बघतो. यातले काही जण 'मधला माणूस नको' एवढं एकच वाक्य ऐकून तुमच्या गटात आले होते. आता ते मला विचारतात, मधला माणूस नसलेला कारभार दोन ॲडमिनच्या भांडणात बंद कसा पडला? मला उत्तर देता आलं नाही. बिनपगारी माणसाच्या मर्जीवर लोकांचा पैसा टांगायचा नसतो. काम हवं तर पगार द्या.

अमळनेरकर

पगाराचं औषध मोठ्यांनी करून पाहिलं आहे. ब्रिंक, ओपनसॅट्स अशा संस्था बिटकॉइनवर काम करणाऱ्या प्रोग्रामरांना देणगीतून मानधन देतात, आणि ते चांगलंच आहे. पण या वादात पहिला आरोप कोणता झाला? 'तुम्हाला पैसे कोण देतं ते सांगा.' पगाराने झोप मिळेल, विश्वास मिळेलच असं नाही.

मला मूळ काळजीच पटत नाही. फुटण्यात वाईट काय? गावात गणेश मंडळाची दोन मंडळं होतात, दोन्हीकडे आरती होते. १७ जून २०१६ ला इथेरियम या दुसऱ्या साखळीवरच्या 'द डाओ' नावाच्या सामायिक निधीतून ३६ लाख इथर (तिथलं चलन) वळवले गेले. ते परत मिळवायला २० जुलैला हार्ड फोर्क, म्हणजे जुन्या नियमांशी न जुळणारा बदल, केला. ज्यांना इतिहास बदलणं मान्य नव्हतं ते इथेरियम क्लासिकवर राहिले. दोन्ही साखळ्या आजही चालू आहेत. बळंच एकत्र राहून रोज एकमेकांचा अपमान करण्यापेक्षा हे बरं.

भुसावळ_जंक्शन

पटस भाऊ, पन दोन मंडळेस्ले मानसे बी दुप्पट लागतस.

मी दोन्ही गटांत आहे आणि दोन्हीकडे नोड लावून देतो. माझ्याकडे येणारे फोन ऐका. मे महिन्यात आमच्याकडे पंख्याची हवासुद्धा भाजते. पत्र्याच्या खोलीत ठेवलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ८० अंशांवर गेला की आपला वेग आपणच कमी करतो आणि सिंक (साखळी उतरवून तपासणं) रेंगाळतं. त्यात दुपारी लाइट गेली की डेटाबेस बिघडतो, मग पुन्हा पहिल्या ब्लॉकपासून. साखळी ७०० जीबीच्या वर गेली आहे. डिस्क लहान असेल तर मी जुने ब्लॉक पुसत राहायचं 'प्रून' सेटिंग ५५० एमबीवर ठेवून देतो, पण तरी सगळं एकदा उतरवून तपासावंच लागतं. माणूस विचारतो, 'दादा, काल ६१ टक्के होतं, आज शून्य कसं?' कोअर की नॉट्स हे मला आजवर त्यांच्यातल्या एकानेही विचारलेलं नाही. इथे भांडणारे आणि तिथे अडलेले हे वेगळेच लोक आहेत. म्हणून मेहरूणकाठ म्हणतात तसं मदतीचं काम भांडणापासून तोडलंच पाहिजे.

पाटणादेवी

त्या तिघांतली मी एक. इतके दिवस कुठेच लिहिलं नव्हतं.

आधी नॉट्सवाल्या दादांना सांगते, मीही नॉट्सच चालवते. तुमचा मुद्दा मला तेव्हाही पटत होता. सात जणांना काढू नका, हे मी त्या संध्याकाळी बाकीच्या दोघांना सांगितलं होतं.

पण त्याच आठवड्यातली एक रात्र सांगते. चोपड्याकडच्या एका काकांचा फोन पाण्यात पडला. वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे ते पुन्हा उघडायची किल्ली, त्यांनी वहीत लिहिलेले होते, त्यामुळे खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. नवीन फोनवर वॉलेट कसं उघडायचं म्हणून त्यांनी ग्रुपवर विचारलं. तिथे तेव्हा ओपी_रिटर्नवर शेकडो मेसेज धावत होते, त्यांचा प्रश्न वर वाहून गेला. आपल्या ग्रुपचंच चित्र लावलेल्या एका खात्याने त्यांना खासगीत गाठलं, 'मी ॲडमिन, या लिंकवर शब्द टाका.' त्यांनी वही समोर धरून एकेक शब्द नीट टाकला. माझ्याकडे त्यांचा फोन आला तेव्हा वॉलेट रिकामं झालं होतं. ते एकच म्हणत होते, 'ताई, तुम्हीच ॲडमिन ना, परत फिरवा ना.' कसं फिरत नाही हे त्यांना समजावता समजावता दोन वाजले. फोन ठेवून ग्रुप उघडला तर मला टॅग करून लिहिलं होतं, 'ताईंचं मौन म्हणजे कोअरला पाठिंबा.'

अमळनेरकर, मंडळं दोन झाली तरी त्या काकांचे पैसे आले नाहीत. सराफकट्टा दादा, तुम्ही म्हणता ते पगाराचं मला आवडेल, पण पगार ठरेपर्यंतचा चोर थांबत नाही. आणि मेहरूणकाठ, पाळ्या हा चांगला उपाय आहे. पण सकाळपासून हा धागा वाचतेय. इतक्या जणांनी इतकं लिहिलं आणि 'एक रात्र मी घेतो' असं एकानेही लिहिलं नाही. तुम्हीही नाही.

मेहरूणकाठ

सोमवार आणि मंगळवार माझे, रात्री अकरापर्यंत. त्यानंतर ग्रुपवर नवा प्रश्न टाकताच येणार नाही असं सेटिंग ठेवू, म्हणजे मध्यरात्री कोणी एकटं सापडणार नाही. मदतीच्या ग्रुपवर कोअर-नॉट्सचा मेसेज आला की तो वादाच्या ग्रुपवर हलवायचा, कोणाचाही असो.

नॉट्सवाला_धुळे

ताई, ते टॅग करणारे आमच्याच बाजूचे होते, हे मला माहीत आहे. त्यांची बाजू मी घेणार नाही.

शुक्रवार-शनिवार मी घेतो. माझी अट एकच. ज्यांना काढलं त्या सातांना मदतीच्या ग्रुपवर परत घ्या, आणि यापुढे काढायचं तर दोन्ही बाजूंच्या एकेकाची सही लागेल. फिल्टरवरचं माझं मत मी सोडलेलं नाही. नव्या माणसाने विचारलं तर नॉट्स का, ते मी सांगणारच. कोअरवाले काय म्हणतात तेही सांगेन: प्रत्येक नोडला कायम जवळ ठेवावी लागते त्या न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीत ओपी_रिटर्नमधला मजकूर अडकून राहत नाही, खोट्या पत्त्यांत लपवलेला राहतो. हा त्यांचा मुद्दा मजबूत आहे आणि त्यावर आमच्याकडे अजून नीट उत्तर नाही.

सराफकट्टा

मला तांत्रिक काही येत नाही, रात्र घेऊन उपयोग नाही. दुकानात 'बारा शब्द कोणालाही देऊ नका, ॲडमिन मागत नाही' असा मराठी फलक लावतो. सराफ बाजारातल्या आणखी चार दुकानांत लावायची जबाबदारी माझी. मजकूर कोणीतरी द्या. पगाराबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, मार्चनंतर पुन्हा काढेन.

भुसावळ_जंक्शन

बुधवार माझा. गुरुवार, रविवार मोकळे आहेत. पाटणादेवी ताई, तुम्ही रविवार घ्याल का?

पाटणादेवी

नाही. मे संपेपर्यंत मी एकही वार घेणार नाही, आणि मला ॲडमिनही ठेवू नका. फलकाचा मजकूर माझ्याकडे तयार आहे, तो आज पाठवते. भाषांतराच्या फाइली मेहरूणकाठ आणि नॉट्सवाला दोघांच्याही नावावर करते. सातवं प्रकरण अर्धं राहिलं आहे, त्यातले फीबद्दलचे दोन परिच्छेद पुन्हा तपासा. चोपड्याच्या काकांना तुमच्यापैकी कोणीतरी एकदा फोन करा. त्यांना तक्रार १९३० वर कशी नोंदवायची ते मी सांगितलं होतं, पुढे काय झालं ते विचारायचं राहिलं आहे.