लूपमधून मधेच बाहेर पडणं एवढं वाईट आहे का?

नाशिकचा_फ्रंटएंड: काल इथे एकांनी ठासून लिहिलं की फंक्शनला रिटर्न (फंक्शनमधून बाहेर पडणं) एकच हवा, तोही शेवटच्या ओळीत, आणि ब्रेक (लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोड, तिथेच सोडणं) किंवा कंटिन्यू (थेट पुढच्या फेरीवर जाणं) म्हणजे नाव बदललेला गोटू, कोडमध्ये कुठेही उडी मारणारा. मागच्या नोकरीत हा नियम मी दोन वर्षं पाळलाय. ऑर्डर तपासायचं फंक्शन होतं: लॉगिन आहे का, कार्टमध्ये काही आहे का, पिनकोडला डिलिव्हरी होते का, स्टॉक आहे का. इफच्या पोटात इफ, खरं काम पार उजव्या कडेला आणि खाली एल्सची उतरंड. कुठला एल्स कुठल्या इफचा, ते स्क्रीनवर बोट ठेवून मोजायचो. त्यापेक्षा वरच 'लॉगिन नाही? रिटर्न' लिहा. ती अट तिथेच डोक्यातून उतरते.

जुना_सीवाला: लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांनी १९६८ मध्येच गोटूचे धोके सांगितलेत. मेमरी घेतली, फाइल उघडली आणि मधेच रिटर्न केलं की बंद करायची राहिलीच. असले बग शोधण्यात माझ्या रात्री गेल्यात.

नाशिकचा_फ्रंटएंड: सी भाषेत मान्य. पण आपण वेबवर आहोत. न लागणारी मेमरी गार्बेज कलेक्टर आपोआप मोकळी करतो, कनेक्शन फायनलीत (शेवटी हमखास चालणाऱ्या भागात) सोडा. मधे रिटर्न केलं तरी फायनली चालतंच. आणि सापडलं की शोध थांबवणं गैर नाही, हे संगणकशास्त्रज्ञ क्नूथनी १९७४ मध्येच दाखवलंय.

पीएचपी_पोटापाण्यासाठी: पीएचपी भाषेत कंटिन्यूसाठी स्विचसुद्धा (अनेक पर्यायांतून एक निवडणारा कोड) लूपच धरतात, त्याबद्दल कोणीच बोलत नाही! लूपमध्ये स्विच, त्यात 'ऑर्डर रद्द असेल तर कंटिन्यू'. मला वाटलं पुढच्या ऑर्डरवर जाईल. ते नुसतं स्विचबाहेर पडलं आणि खालची मेलची ओळ चालली. रद्द ऑर्डरवाल्यांना 'माल निघाला' अशा मेल! कंटिन्यू २, म्हणजे दोन पातळ्या बाहेरचं, हवं होतं. पीएचपी ७.३ पासून वॉर्निंग येते, तेव्हा येत नव्हती.

जुना_सीवाला: मग मी वेगळं काय म्हणतोय? त्या २ वर भरवसा ठेवायचा, आणि उद्या कोणी मधे आणखी एक लूप घातला की आकडा चुकला.

कोथरूड_रिमोट: जावास्क्रिप्टचं फॉरईच (यादीतल्या प्रत्येकासाठी एक फंक्शन चालवणारं) तर त्याहून वाईट. ब्रेक लिहिला की सिंटॅक्स एरर, रिटर्न केलं तर फक्त तेवढी फेरी संपते. जेक्वेरी लायब्ररीच्या ईचमध्ये रिटर्न फॉल्सने लूप थांबायचा, त्या सवयीने आमच्याकडे निम्म्या लोकांनी इथेही तेच लिहिलं. वर आत अवेट (काम पूर्ण होईपर्यंत थांब) टाकतात, आणि फॉरईच कोणासाठी थांबत नाही. फॉर-ऑफ लूप २०१५ पासून आहे, ते वापरा!

फंक्शनल_फॅन: लूप हवेतच कशाला? फिल्टर लावा, अटीत बसणारे तेवढे निवडून देतं.

कोथरूड_रिमोट: पहिलाच रेकॉर्ड हवाय आणि फिल्टर पन्नास हजार ओळी पालथ्या घालणार? फाइंड (पहिला जुळणारा देतं) आणि सम (some, एकतरी जुळतो का ते सांगतं) सापडताक्षणी थांबतात. आधी हे वाचा, मग शिकवा.

फंक्शनल_फॅन: आवाज चढवायची गरज नाही. फाइंडही माझ्याच बाजूचं आहे.

जुना_सीवाला: बरं, सुरुवातीच्या तपासण्यांचे रिटर्न दिले तुम्हाला. पण दीडशे ओळींच्या लूपच्या पोटात दडलेला ब्रेक माझ्या रिव्ह्यूतून जाणार नाही.

नाशिकचा_फ्रंटएंड: अहो, दुखणं त्या दीडशे ओळींचं आहे. आतला लूप वेगळ्या फंक्शनमध्ये काढा आणि तिथून रिटर्न करा. ना लूपला नावाचं लेबल लागत, ना ब्रेक २.

पीएचपी_पोटापाण्यासाठी: हे करून बघतो. पण त्या मेलनंतर ग्राहकांचे फोन मी स्वतः घेतलेत. स्विचच्या आत कंटिन्यू आता लिहितच नाही. पीएचपी ८ मध्ये स्विचऐवजी वापरता येणारं मॅच आलंय, ते वापरतो.