सासूबाईंच्या सहीवरून (टिळकवाडी, बेळगाव, सोसायटी ग्रुप)

ए-१०२ वहिनी: मंडळी, काल दवाखान्यात सासूबाईंपुढं शुगरच्या नव्या गोळीच्या चाचणीचे कागद ठेवले. १४ पानं, सगळी कन्नडात. आईंना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. "सही करा अज्जी, औषध फुकट आहे." कंपनीचं नाव शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. मी सही करू दिली नाही. चुकलं का ओ माझं?

बी-३०१ अण्णा: बरं केलंत. पैसा कंपनीचा, निकाल कंपनीचा.

सेक्रेटरी: राकसकोप धरणाचं पाणी संध्याकाळी येणार. गाड्या धुऊ नका. आणि दवाखान्याच्या पोस्टी ग्रुपवर नकोत असं मीटिंगमध्ये ठरलंय. 🙏

ए-१०२ वहिनी: टाकीवरून चार दिवस भांडणं चालतात, ते चालतं होय? 🙏

सी-२०४ डॉक्टर ताई: वहिनी, बरोबर केलंत. पण चाचणीच वाईट असं धरू नका. २०१९ च्या नियमांप्रमाणे संमतीपत्र पेशंटला कळेल त्या भाषेत पाहिजे, त्याची प्रत घरी द्यायची. चाचणीमुळं त्रास झाला तर उपचार फुकट. मराठी प्रत हक्कानं मागा.

बी-३०१ अण्णा: पैसा कंपनीचा, निकाल कंपनीचा.

मास्तर, तळमजला: अण्णांचं अगदीच खोटं नाही. १९६७ ला हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयविकाराचं खापर चरबीवर फोडलं, साखरेला सांभाळून घेतलं. पैसे साखर उद्योगानं दिलेले, लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. उघड झालं २०१६ ला!

ए-४०३ दादा: मास्तर, आमचा ऊस कारखान्याला जातो. साखरेला कशाला मधी ओढता?

मास्तर: उसाला नाही ओ, लपवालपवीला बोलतोय.

सी-२०४ डॉक्टर ताई: दुसरी बाजूही ऐका. बाळंतपणात रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. खानापूरकडं लाईट गेली की काय होतं ते मी बघितलंय. बाहेर टिकणाऱ्या कार्बेटोसिनची चाचणी जागतिक आरोग्य संघटनेनं १० देशांत जवळपास ३०,००० बायकांवर केली, निकाल २०१८ ला आला. त्यात औषध कंपन्यांचा हात होता आणि आपल्या बेळगावचे संशोधकही होते. कंपनी नकोच म्हटलं असतं तर?

बी-३०१ अण्णा: पैसा कंपनीचा, निकाल कंपनीचा.

ए-४०३ दादा: अण्णा, पाठ झालं आता 😀

बी-३०१ अण्णा: हसा. आमच्या थोरल्या वहिनींनी अशीच सही केली होती. अंगावर पुरळ उठलं, रात्रभर ताप. कागदावर एकच नंबर, तो कुणी उचलेना. तीन दिवस मी फोन लावत होतो.

ए-४०३ दादा: माफ करा अण्णा. माहीत नव्हतं.

सी-२०४ डॉक्टर ताई: अण्णा, एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटच्या बाजूनं चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा नंबर वेगळा लागतो, तोच नव्हता तुमच्याकडं. वहिनी, तो बघा. आणि सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नंबर बघा. २००९ पासून औषधाच्या चाचणीची तिथं नोंद सक्तीची आहे. पैसा कुणाचा ते नेटवर कुणालाही दिसतं.

ए-१०२ वहिनी: कागदाचा फोटो आहे, पण मला एक अक्षर लागत नाही. बुधवारी १० ला मराठी प्रत मागायला जाते. कन्नड वाचणारं कुणी येईल का बरोबर?

बी-३०१ अण्णा: मी येतो. सातवीपर्यंत कन्नड शाळेत होतो. फोटो आत्ताच पाठवा, नंबर किती दिलेत ते आधी बघतो.