प्रतिसाद: नोकरी गेली म्हणून ईएसआय कार्ड लगेच बंद होत नाही

वर विचारलंय की चाकणची कंपनी बंद पडली, आता भावाचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणारा कामगारांचा सरकारी विमा) कार्ड बादच ना? अजिबात नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान 78 दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर तिचा लाभकाळ पुढचा जानेवारी ते जून. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा, जुलै ते डिसेंबर. म्हणजे ऑक्टोबर ते मार्चचे दिवस भरले असतील, तर ऑगस्टमध्ये नोकरी गेली तरी निदान डिसेंबरअखेर भाऊ आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना दवाखान्यात उपचार मिळायला हवेत. खिडकीवरचा कारकून काहीही म्हणो, आधी ईएसआयच्या पोर्टलवर वर्गणीचे दिवस बघून घ्या.

बेकारी भत्त्याच्या दोन योजना आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणजे सरासरी रोजच्या पगाराच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना मात्र कारखाना बंद पडल्यास किंवा छाटणी झाल्यास (कामाबाहेरच्या दुखापतीने 40 टक्के कायमचं अपंगत्व आल्यासही) लागू होते. पहिलं वर्ष 50 टक्के, दुसरं वर्ष 25 टक्के, आणि तेवढा काळ कुटुंबासकट औषधपाणी. तुमच्या भावाची केस सरळ हीच वाटते.

एक गोष्ट मात्र आजच करा. एचआरवाले शेवटच्या महिन्याची वर्गणी भरताना कारणाच्या रकान्यात सर्रास 'नोकरी सोडली' टाकून मोकळे होतात. तिथे छाटणी किंवा कारखाना बंद हेच आलं पाहिजे, आणि त्याचं पत्र सही-शिक्क्यानिशी हातात घ्या. एकदा ऑफिसला कुलूप लागलं की सही करायला कोणी सापडत नाही.