गाडी दडवून ठेवली तर उलट अंगाशी येतं

"हप्ते थकणं हा दिवाणी मामला, गाडी गावाकडे नेऊन लावा, फायनान्सवाले काही करू शकत नाहीत" हा कर्जावर घेतलेल्या गाडीचे हप्ते थकले की दिला जाणारा सल्ला अर्धाच खरा आहे. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, हे बरोबर. पण आरसी बुकावर बोजा (फायनान्सच्या कर्जाची नोंद) चढलेली गाडी परस्पर विकली किंवा सुटे भाग काढून विकले, तर फसवणुकीची, विश्वासघाताची फौजदारी तक्रार होऊ शकते. हप्त्याचा चेक परत गेला असेल तर चेक न वटण्याला गुन्हा ठरवणारं कलम १३८ आहेच, आणि खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता शिल्लक नसल्याने फिरला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तशीच केस होते. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

गाडी फायनान्सवाल्यांना परत दिली तरी सगळं मिटतंच असं नाही. माझ्या मावसभावाच्या छोट्या टेम्पोचं तसंच झालं. त्याला वाटलं, गाडी दिली की सुटलो. लिलावात आलेली रक्कम वजा करून उरलेल्या बाकीची नोटीस घरी आली, त्यात गाडी ठेवलेल्या यार्डाचं भाडंही लावलेलं. म्हणून गाडी सोपवताना किलोमीटर, टायर, बॅटरी, स्टेपनी लिहिलेल्या यादीवर सही-शिक्का घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा आणि लिलावाआधी लेखी नोटीस मागा. वसुलीवाले दमदाटी करून रस्त्यात गाडी ओढून नेत असतील तर मात्र गप्प बसू नका. गुंड लावून गाडी उचलणं सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच चुकीचं ठरवलंय. सरळ पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.