हा बंद मालडबा कोणत्या कंपनीचा? (मॉडेल रेल्वे, 4 मिमी स्केल)

दारव्हा_मॉडेलर
किट जुनं, सूचनापत्रक नाही. बफर सोडून बॉडी 64 मिमी, व्हीलबेस (दोन ॲक्सलमधलं अंतर) 36 मिमी. बाजू पत्र्याच्या, रिव्हेटच्या रेघा आहेत, कोपरे गोलसर. माझा लेआउट (मॉडेल रेल्वेची मांडणी) 1930 चा ब्रिटिश आहे. डबा कोणता, आणि अक्षरं किती मोठी लावायची?

पुलगाव_यार्ड
भाऊ, उत्तर मापातच आहे. 4 मिमीला 1 फूट धरलं की लांबी 16 फूट, व्हीलबेस 9 फूट. त्यात लोखंडी बॉडी आणि गोल कोपरे, म्हणजे ग्रेट वेस्टर्नचा 'आयर्न मिंक'. हे 1886 पासून बनत गेले. पुढच्या काळातले बंद डबे बहुतेक 17 फूट 6 इंच, म्हणजे स्केलमध्ये 70 मिमी असतात. तो फरक पट्टीवर लगेच दिसतो.

तरी एक खात्री करून घ्या. याच अंगाचा बारूद वाहून नेणारा डबाही होता, त्याला व्हेंटिलेटर नसतात. टोकाच्या भिंतीवर, छताच्या खाली व्हेंट दिसतो का ते पाहा.

अक्षरांत लोक हमखास चुकतात. 'जी डब्ल्यू' 1904 पासून 25 इंची, 1920 पासून 16 इंची, 1936 पासून फक्त 5 इंची. तुमच्या 1930 ला 16 इंची, म्हणजे 5.3 मिमी. किटासोबतच्या डेकलवर (चिकटवायच्या छापील अक्षरांवर) 8.3 मिमीची अक्षरं असतील तर ती 25 इंची झाली, 1910 च्या लेआउटला शोभतील. रंग गडद राखाडी, खालची चेसिससुद्धा राखाडीच, काळी नको. छत नवं असताना पांढरं, धुरानं लवकर मळायचं.

दारव्हा_मॉडेलर
व्हेंट आहेत! ब्रेकचं हँडल एकाच बाजूला दिलंय. बरोबर आहे का?

नॅरोगेज_वऱ्हाड
मूळ डब्याला बरोबर. दोन्ही बाजूंनी हँडल हवं हा नियम 1911 चा, आणि तो आधी नव्या वॅगनना लागू झाला. जुन्यांना बरीच वर्षं सवलत होती, म्हणून 1930 ला दोन्ही प्रकार दिसतात. त्याच नंबरच्या डब्याचा फोटो मिळाला तर उत्तम.

रुंदीचा अंदाज मात्र आपल्याकडच्या डब्यांवरून बांधू नका. शकुंतलेचा (वऱ्हाडातली नॅरोगेज गाडी) रूळ 762 मिमीचा, आपला ब्रॉडगेज 1676, तिकडचा 1435. शिवाय ओओचा (4 मिमी स्केलच्या नेहमीच्या मॉडेल रुळाचा) 16.5 मिमी रूळ 4 फूट दीड इंचच भरतो, त्यामुळे बरोबर मापाची बॉडीही त्यावर रुंद भासते. ती घासून अरुंद करू नका.

अचलपूर_लोको
वजन एका ॲक्सलला 25 ग्रॅम, म्हणजे एकूण 50. गळाला लावतात ते शिसं घालणार असाल तर फेविकॉलनं चिकटवू नका. त्यातल्या ॲसिटिक ॲसिडनं शिशाचं कार्बोनेट होतं, ते फुगतं आणि काही वर्षांत बॉडी फोडतं. अराल्डाइट वापरा, नाहीतर सरळ लोखंडी नट घाला.

एप्रिल-मे मध्ये टिनाखाली काम करत असाल तर प्लॅस्टिक जोडायचं पातळ सॉल्व्हंट ब्रशवरच उडतं, फटीत उतरतच नाही. जोड वरून धरलेला दिसतो आणि मागाहून उकलतो. सकाळी लवकर लावा, दोन-दोन सेंटीमीटरच. दोन्ही बाजूंच्या मध्ये आडवी प्लॅस्टिक पट्टी टाका, नाहीतर भिंती आत वाकतात. तळाला 2 मिमीचं भोक ठेवा, म्हणजे अडकलेली वाफ निघते. छत लावायची घाई करू नका, आतला वास पूर्ण गेला की लावा.

दारव्हा_मॉडेलर
चाकं 12.6 मिमीची चालतील का?

पुलगाव_यार्ड
चालतील. 3 फूट 1 इंचाचं चाक 12.3 मिमी येतं, तेवढा फरक ब्रेकशूमागे लपतो. शू मात्र ट्रेडपासून (चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या कडेपासून) अर्धा मिमी लांब ठेवा, रंगाचा थर चढला की घासायला लागतात.